शिवाराचा कोट

दामूअण्णा वकिलांशी माझं भांडण चार वर्षं चाललं आणि ते सगळं एकाच गोष्टीवरून होतं. पक्षकाराला भेटताना वकिलाने काळा कोट घालावा की घालू नये. कोर्टात घालावाच लागतो, त्यावर वाद नव्हता. वाद होता तो ऑफिसात, बांधावर, गोठ्यात आणि एकदा तर तेराव्याच्या पंगतीत घातलेल्या कोटाचा. मी म्हणायची, हे साहेबाचं कापड आहे, थंडीच्या देशातून आलेलं. आपल्या माणसांपुढे ते घालून बसणं म्हणजे त्यांना बोलायच्या आधीच खाली बसवणं. अण्णा सगळं ऐकून घ्यायचे, कोटाच्या बाहीवरचा चुन्याचा डाग नखाने खरवडायचे आणि म्हणायचे, "झालं? मग आता तो मुदतीचा अर्ज टाइप कर."

वाद घालायचा नाही आणि बदलायचंही नाही, ही त्यांची पद्धत. याहून संतापजनक माणूस मी पाहिलेला नाही.

माझं थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय हे भांडण कळणार नाही. आमचं घर भरे गावातलं. वडील पिरंगुटच्या बाजूला एका कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं आमच्या घरात दुमडली जायची. मी अक्षरं शिकले ती त्याच पत्रकांवर. 'एकजूट' हा शब्द मला 'आंबा' या शब्दाच्या आधी वाचता यायला लागला. कायद्याचं शिक्षण झाल्यावर पुण्यातल्या मोठ्या ऑफिसात न जाता मी पौडला आले, तेव्हा मी ठरवूनच आले होते. खादीचा कुर्ता, खांद्याला कापडी झोळी, पायात चपला. माणसांमध्ये माणसासारखं बसायचं.

पहिल्याच दिवशी अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोट कुटंय?"

"कोर्टात घालेन."

"आन् हितं?"

"इथे माणसं येतात अण्णा."

"व्हय. म्हणूनच इचारलं."

ऑफिस म्हणजे खताच्या दुकानावरची पत्र्याची खोली. एप्रिल-मेमध्ये त्या पत्र्याखाली बसलं की कपाळावरचा घाम कागदावर पडून शाई पसरायची. अण्णा मात्र गळ्यापर्यंत बटणं लावून बसलेले. माणूस किडकिडीत, कान मोठे, मान बारीक. कोटातून ती मान अशी वर आलेली असायची की हँगरला डोकं उगवल्यासारखं वाटावं. पंखा एकच होता आणि तो पक्षकाराच्या खुर्चीकडे वळवलेला. तो फिरता ठेवा म्हटलं तर म्हणायचे, "त्याला घाम आला तर त्यो खोटं बोलायला लागंल. माझं काय, मी तर वकीलच हाय."

त्यांच्याकडे तीन कोट होते. एक कोर्टाचा, तो खुंटीवर प्लास्टिकच्या पिशवीत. एक ऑफिसचा, कोपरांना ठिगळं लावलेला. तिसरा शिवाराचा. शिवाराच्या कोटाचा रंग काळा होता असं फक्त त्यांना वाटायचं, तो केव्हाच तांबूस झाला होता. त्याच्या खालच्या काठाला कुसळं चिकटलेली असत आणि खिशात मोजणीची फीत, आवळासुपारी आणि एक साबणाची डबी असे. मोजणी असो, वहिवाटीचा रस्ता असो, कुणाचा बांध फोडलेला असो, अण्णा तो कोट चढवून मोपेडवर निघत. मागून पाहिलं तर पंख पसरून कावळा चाललाय असं दिसायचं. शाळेतली पोरं "वकील आलाऽ" म्हणून ओरडत मागे पळत आणि अण्णांना ते आवडायचं. मला वाटायचं, हा माणूस मिरवतोय.

घरी तर तमाशाच असे. अण्णांचं घर कोर्टाच्या मागच्या आळीत. सकाळी बनियन आणि पट्ट्याची चड्डी घालून ते अळूच्या वाफ्याला पाणी घालत असायचे. तेवढ्यात फाटकाशी कुणी यायचं. "अण्णा, त्या जमिनीचं जरा बोलायचं व्हतं."

अण्णा पाइप खाली ठेवायचे. "वकील आत हायेत. थांबा, बोलावतो."

आत जायचे. दहा मिनिटांनी कोट, पँट, बूट घालून, भांग पाडून बाहेर यायचे आणि त्या माणसाकडे आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्यासारखं पाहून म्हणायचे, "बोला. काय काम काढलं?" आणि तो माणूसही, ज्याने आत्ताच त्यांना चड्डीवर पाहिलं होतं, तो टोपी सारखी करून सुरुवातीपासून सांगायला लागायचा. कुणी हसायचं नाही. मी हसायची, एकटीच.

याला त्यांच्याकडे एक सिद्धान्त होता. कोटाला सांगितलेलं कोटात राहतं. कोट नसताना जे कानावर पडलं ते शेजाऱ्याचं बोलणं, ते ऐकून सोडून द्यायचं. कोट काढला की ते खरोखर दुसरे व्हायचे. तंबाखू मळायचे, चावट विनोद करायचे, कुणाच्या पोराने कुणाची पोर पळवली ते रंगवून सांगायचे. कोट चढवला की तंबाखू बंद, गप्पा बंद. एकदा आठवडी बाजारात, बिनकोटाचे अण्णा कोथिंबीर निवडत असताना, एका दाव्यातल्या समोरच्या पार्टीच्या चुलत्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं की त्यांनी कोर्टात दिलेली जुनी पावती गेल्या वर्षीच तयार केलेली आहे. मी शेजारीच उभी होते. आनंदाने मला नाचावंसं वाटत होतं. ऑफिसला येऊन म्हटलं, उलटतपासात त्याला हेच विचारू.

"त्यो अण्णाला बोलला," दामूअण्णा म्हणाले. "वकिलाला न्हाई बोलला."

मी तेव्हा टेबलावर फाइल आपटली. पुढे त्या दाव्यात आमचा पक्षकार अर्ध्या विहिरीवर तडजोड करून बसला. ती अर्धी विहीर मला अजून टोचते. अण्णांना टोचत असेल तर त्यांनी कधी सांगितलं नाही.

मग मी नियम शोधला. वकिलांच्या पोशाखाच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की कोर्ट आणि काही समारंभ सोडले तर सार्वजनिक ठिकाणी गळ्याचे पांढरे बँड आणि गाऊन घालायचे नाहीत. अण्णा शिवारातसुद्धा बँड लावून जायचे, भाताच्या पेजेची खळ घालून कडक केलेले. असेच शिवाराचा कोट चढवून निघाले असताना मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि हाताची घडी घालून उभी राहिले. अण्णांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं. मग गळ्यातले बँड जागच्या जागी सोडले, त्यांची घडी केली आणि खिशातल्या साबणाच्या डबीत ठेवले.

"बरं झालं सांगितलंस. इतकी वर्सं चुकत व्हतो."

"आणि कोट?"

"कोटाचं हितं कुटं लिवलंय?"

त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यांनी कोर्टाबाहेर बँड लावले नाहीत. आणि कोट काढला नाही. नियमात दिसलं तर एका क्षणात मान खाली, आणि नियमात नसलं तर जगातल्या कुठल्याही युक्तिवादाने ढिम्म हलणार नाही. अशा माणसाचं काय करायचं?

मी घरात शिकलेलं केलं. पत्रक काढलं. चार पानी, 'वकिलाचा कोट कोणासाठी?' त्यात मी लिहिलं की ज्याला वाचता येत नाही त्याला आपण कपड्याने आणखी लहान करतो, की न्याय मागायला आलेल्याला आधी आपल्या भीतीतून जावं लागतं, की कोट हे आपल्या अज्ञानावर घातलेलं झाकण आहे. शेवटचं वाक्य कुणाला उद्देशून होतं ते सगळ्या तालुक्याला कळण्यासारखं होतं. कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर मी ते वाटलं. अण्णांनी एक घेतलं, उभ्या उभ्या वाचलं आणि आणखी वीस प्रती मागितल्या. पुढचा आठवडाभर ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक पक्षकाराला ते कोट घालून माझं पत्रक द्यायचे. "आमच्या बाईंनी लिवलंय. माझ्या इरोधात हाय. चांगलं लिवलंय, घरी नेऊन पोराकडनं वाचून घ्या."

शत्रूने पत्रक फाडलं तर पुढे काय करायचं ते मला वडिलांनी शिकवलं होतं. त्याने ते वाटलं तर काय करायचं हे शिकवलं नव्हतं.

आणि मी उगाच ओरडत होते असंही नाही. ताम्हिणीच्या बाजूला, डोंगराच्या पोटात एक पंधरा-वीस झोपड्यांची वाडी आहे. तिथल्या लोकांचे वनजमिनीचे दावे भरायचे होते, कागदांवर अंगठे घ्यायचे होते आणि मुदतीला दोन दिवस उरले होते. मी म्हटलं, अण्णा, मी जाते, नाहीतर तुम्ही या पण तो कोट इथे ठेवा. त्या माणसांनी काळा कोट आजवर एकदाच पाहिलाय, खालची जमीन मोजून कुंपण घातलं त्या दिवशी. अण्णा म्हणाले, त्येंनी चुकीचा कोट बघितलाय, आता बरोबरचा बघतील. आणि शिवाराचा कोट घालून वर चढले.

आम्ही पोहोचलो तेव्हा वाडी रिकामी होती. चुली पेटलेल्या, एका तव्यावर भाकरी करपलेली, माणूस एक नाही. सगळे मागच्या रानात चढून गेले होते. अण्णा एका दगडावर बसून राहिले. मी हात जोडले, तुम्ही खाली जा, निदान कोट झाडामागे ठेवा. ते म्हणाले, एकदा लपवला तर परत कधीच दाखवता यायचा न्हाई. दुपारी एक म्हातारा तेवढा खाली आला. त्यांच्या बोलीत त्याने विचारलं की यावेळी काय काय न्यायला आलात. अण्णांनी त्याला समजावलं. तो मान डोलावत राहिला, अण्णांकडे न बघता, त्या कोटाच्या बटणांकडे बघत. अंगठा त्याने दिला नाही. ते दावे त्या मुदतीत गेलेच नाहीत. पुढच्या वेळी गेले, मी कुर्त्यात जाऊन भरले, पण मधलं सगळं वर्ष त्या माणसांना सरपण आणायलाही भीत भीत जावं लागलं.

उतरताना मी अण्णांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. ते ऐकत होते. पायथ्याशी आल्यावर म्हणाले, "माझी चूक झाली." मला वाटलं, आता सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऑफिसात आले, कोट घालून.

आता ज्या नियमासाठी मी हे सगळं लिहायला बसले तो. ज्यांना वाचता येत नाही अशा प्रत्येक पक्षकाराला अण्णा निघताना एक गोष्ट सांगायचे आणि त्याच्याकडून ती म्हणून घ्यायचे. "काळा कोट समोर असल्याबिगर कुटंबी सही करायची न्हाई. भाऊ म्हणू दे, तलाठी म्हणू दे. काय म्हणायचं?" आणि ती माणसं शाळेतल्या पोरांसारखी म्हणायची, कोट असल्याबिगर सही न्हाई. मला ते बघवत नसे. मोठी माणसं, नातवंडं असलेली, आणि त्यांच्याकडून हा माणूस स्वतःच्या कपड्याची आरती म्हणवून घेतोय.

हिराबाई त्यांपैकीच. मुठा खोऱ्यातल्या एका गावची, वय पन्नासच्या पुढे. नवऱ्याने टाकल्यावर तरुणपणीच माहेरी आलेली. वडिलांनी रस्त्याकडेच्या तुकड्यात तिला दोन खोल्या बांधून दिल्या होत्या, वर पत्रा, मागे दोन म्हशी. ती दही घालायची आणि शनिवार-रविवारी बंगल्यांवर येणाऱ्या पुण्याच्या लोकांना मडक्यातलं दही विकायची. वडील गेले, मग आई गेली. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव भावाबरोबर लागलं. भाऊ बबन. त्याला तो अख्खा गट विकायचा होता, तिच्या दोन खोल्यांसकट. आमच्याकडे बहिणीने हक्कसोड करून देण्याची रीत आहे. तिला गाडीतून निबंधकाच्या ऑफिसात नेतात, सही झाली की साडी घेतात, धाब्यावर मटणाचं जेवण देतात, आणि ती हसत हसत घरी येते. हिराबाईला साडी नको होती. त्या दोन खोल्या गेल्या तर तिला जायला जागा नव्हती. एवढंच तिचं म्हणणं होतं आणि तेवढ्यासाठी ती अण्णांकडे आली होती. तिला सही येत होती, वाचता येत नव्हतं.

तिचे कागद समजून घ्यायला तिच्या गावी, मुठ्याला, मी गेले. कुर्ता, झोळी. तिच्याबरोबर जमिनीवर बसून मेथी निवडली. फार छान बोलली ती. म्हशींची नावं सांगितली, नवऱ्याचं सांगितलं, जे तिने अण्णांना दोन वर्षांत सांगितलं नव्हतं. मला वाटलं, हेच. याचसाठी कोट नको. निघताना ती म्हणाली, वकीलसायेबांनी सांगितलंय, कोट असल्याबिगर सही न्हाई. मी हसले. म्हटलं, "हिराबाई, कोटाचं काही नसतं हो. वकील माणसात असतो, कपड्यात नाही. आता मी नाही का, बिनकोटाची?"

ती पण हसली.

महिन्याभराने, मार्चमध्ये, ती ऑफिसात आली ती दह्याचं मडकं घेऊन. चेहरा मोकळा. अण्णांनी पंखा तिच्याकडे वळवला.

"झालं सायेब आमचं काम. नाव लागलं."

अण्णांनी पेन खाली ठेवलं. "कशाचं नाव?"

"घराला माझं येकटीचं नाव लागलं न्हवं? भाऊ म्हणाला, घर तुजं येगळं करून देतो, पौडाला चल. गेलतो. फोटू काढला, अंगठं घेतलं, सही केली. साडी बी घेतली त्यानं."



"तितं कोन व्हतं?" अण्णांनी विचारलं.

"तुमच्यातल्याच ताई की. दुसऱ्या. मी इचारलं त्यांला, वकिलाकडच्या न्हवं तुमी? त्या म्हणल्या, हो हो. माझ्याजवळ बसल्या, पानी दिलं. म्हणल्या, मी समदं वाचलंय, बिनघोर करा. तितल्या साहेबांनी इचारलं राजीखुशीनं का, तवा त्यांनीच मान हलवाया सांगितली."

"कोट व्हता का त्यांच्या अंगात?"

"न्हाई." हिराबाईने माझ्याकडे पाहिलं, अगदी सहज. "ह्या ताईंगतच कापडं व्हती. झोळी बी तशीच. आन् ह्याच म्हणल्या व्हत्या की, कोटाचं काय नसतं."

ती मुलगी बबनच्या जमीन एजंटाच्या ऑफिसातली होती, हे नंतर कळलं. नाव अजून कळलेलं नाही. ज्या कागदावर हिराबाईने सही केली तो हक्कसोडीचा होता.

अण्णांनी मला तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. मी उभी राहिले होते, बोलणी खायला. मला ती हवी होती. ते फक्त म्हणाले, "हिराबाईंला पानी दे." मग कोटाची बटणं तपासली, खुर्ची तिच्यासमोर ओढली आणि तिने काय केलं होतं ते तिला सांगितलं. सावकाश, एकेक वाक्य. मी पाण्याचा तांब्या धरून दारात उभी. ती रडली नाही. ती म्हणाली, "मग म्हशी कुटं बांदायच्या?"

हक्कसोड रद्द करावी म्हणून दावा तयार करण्यात दिवस गेले. मी कधी इतकं काम केलं नव्हतं. एका शुक्रवारी दावा दाखल झाला, सोबत घर पाडू नये म्हणून तातडीचा अर्ज. सुनावणी सोमवारी लागली. आणि शनिवारी सकाळी हिराबाईचा फोन आला की रस्त्याला जेसीबी आलाय.

मी स्कूटरवरून पोहोचले तेव्हा अण्णा आधीच तिथे होते. घर आणि मशीन यांच्या मधोमध बाज टाकली होती आणि तीवर शिवाराचा कोट घालून, गुडघ्यांवर हात ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे बसले होते. पत्र्यावरून उन्हाच्या झळा उठत होत्या. बँड नव्हते. ते डबीत असणार.

ऑपरेटर बिहारकडचा, तरुण. खाली उतरून आला. "साहब, कोर्ट का ऑर्डर है?"

"ऑर्डर सोमवार को," अण्णा म्हणाले. "आज सिरफ मैं हूं."

त्याने अण्णांना बघितलं, बाजेला बघितलं आणि बाजूला जाऊन ठेकेदाराला फोन लावला. "यहां वकील बैठा है. हां, काले कोट में. नहीं भैया, असली वाला." मग त्याने मशीन बंद केलं आणि सावलीला जाऊन आडवा झाला.

दुपारी बबन आला. त्याने आवाज चढवला नाही. चुलतभावाला बोलावं तसा बोलला.

"अण्णा, ह्या उनात कोट घालून मरशीला की."

"मेलो तर हितंच पंचनामा व्हईल बबन. मग तर वर्सभर ही जागा हलायची न्हाई. बघ तुला परवडतंय का."

बबन हसला आणि निघून गेला. मला हसू आलं नाही. मी अण्णांच्या शेजारी बसून खालच्या आवाजात भांडायला सुरुवात केली. आदेश हातात नाही आणि आपण कापड दाखवून मशीन थांबवतोय. हा धाक आहे. हा धाक मोडावा म्हणून तर मी वकील झाले. उद्या समोरचाही एक कोट आणून उभा करेल, मग?

"आणू दे की," अण्णा म्हणाले. त्यांचे ओठ सुकले होते. "त्याचं नाव इचारता येईल. त्याच्यावर अर्ज करता येईल. जिनं सही घेतली तिचं नाव तरी म्हाईत हाय का तुला?"

 आजही मला वाटतं की माझ्याकडे उत्तर होतं. ऊन फार होतं म्हणून सुचलं नाही.

पुढचं आधी सांगून टाकते. रविवारी सकाळी अळूच्या वाफ्याजवळ अण्णा पडले. त्यांना पुण्याला नेलं. सोमवारी मी कोट घातला, आधी मुठ्याला जाऊन हिराबाईला स्कूटरवर घेतलं आणि मग कोर्टात उभी राहिले. निकाल लागेपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवण्याचा आदेश मिळाला. दावा अजून चालू आहे, हिराबाई अजून त्या दोन खोल्यांत आहे. आदेशाची नक्कल घेऊन मी मंगळवारी पुण्याला निघाले होते, चांदणी चौकात असताना त्यांच्या मुलाचा फोन आला.

मी अजूनही म्हणते की कोटाने माणूस लहान होतो. वाडीवर मी कुर्त्यातच जाते. पण झोळीत कोट असतो, आणि कुणाची सही घ्यायची वेळ आली की मी तो त्यांच्यासमोर घालते, माझं पूर्ण नाव सांगते आणि त्यांच्याकडून ते म्हणवून घेते. हे अर्धवट उत्तर आहे हे मला कळतं. अण्णांपुढे ठेवलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं आणि अर्ज टाइप करायला सांगितलं असतं.

त्या शनिवारी ऊन उतरल्यावर ऑपरेटर मशीन घेऊन गेला. अण्णा बाजेवरून उठले आणि एक क्षण माझा खांदा धरून उभे राहिले. हिराबाईने विचारलं, उद्या लवकर आले तर?

अण्णांनी कोट काढला. मी हात पुढे केला, मला वाटलं माझ्याकडे देतायत. ते माझ्या पुढून गेले आणि त्यांनी तो हिराबाईच्या दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवला. खांदे सारखे केले. बटणं लावली. "धुवायचा न्हाई," ते म्हणाले. "आन् तोंड रस्त्याकडं ऱ्हाऊ द्या."

मग ते मोपेडकडे चालत गेले. चार वर्षांत शिवारातून निघताना मी त्यांना बिनकोटाचं पहिल्यांदा बघत होते. शर्ट पाठीला चिकटलेला, कॉलरीखाली मिठाची पांढरी रेघ. खांदे कोटातच होते की काय, असा माणूस. मोपेड सुरू होत होती एवढ्यात रस्त्यावरून एक शेतकरी सायकल थांबवून म्हणाला, अण्णा, बरं झालं भेटलात, ती आमच्या रस्त्याची तारीख कवा हाय?

"वकील हितं न्हाईत," अण्णा म्हणाले आणि दाराकडे बोट केलं. "ते तितं बसलेत. त्येंला काम हाय." आणि खिशातून तंबाखूची पुडी काढून त्यांनी त्याच्यापुढे धरली.